महाड-पोलादपूरचा विंचू आणि रुग्णाच्या खाटेपाशी झालेले संशोधन

वाचकहो, आपल्या महाड-पोलादपूरच्या मुलखात विंचू म्हणजे काय, हे कोणास समजावून सांगण्याची गरज नाही. गवताची गंजी, लाकडांचा ढीग, गोवऱ्यांची रास, दगडी गडगा, जुन्या घराची कौले, दारात काढून ठेवलेली चप्पल, ह्यांपैकी कोठेही तो दडून बसलेला असतो. काळी मोठी इंगळी दिसली की आपण किंचाळतो, आणि बोटाएवढा तांबडा विंचू दिसला तर चपलेने मारून मोकळे होतो. वैद्यकशास्त्र नेमके उलटे सांगते. इंगळीच्या नांगीने आग होते, सूज येते, आणि बहुतेक वेळा प्रकरण तेथेच मिटते. जीव घेतो तो हा लहान तांबडा. ह्या विंचवाच्या कोकणातील प्रकाराला पोकॉक नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने जे नाव दिले, त्यात 'कोंकणेन्सिस' असा शब्द आहे. आपल्या प्रांताचे नाव जगभरच्या ग्रंथांत नेण्याचे काम असे एका विंचवाने करून ठेवले आहे!

परंतु आज आपल्यापुढे मांडावयाची आहे ती हकीकत विंचवाची जितकी, तितकीच रुग्णसेवेची आहे. बारावी झालेल्या मुलीला नर्सिंगला पाठवावे की नाही, हा प्रश्न आता आपल्या घराघरांतून निघू लागला आहे. त्याला जोडून आणखी एक शंका ऐकू येते. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात 'संशोधन' नावाचा विषय असतो, हे कळल्यावर पालक विचारतात, "इंजेक्शन देणे, अंथरूण बदलणे, ताप बघणे ह्यात संशोधन ते काय करावयाचे?" ह्या शंकेचे उत्तर शोधण्यास लंडनला किंवा मुंबईला जावे लागत नाही. ते बिरवाडी, पोलादपूर आणि महाड ह्या तीन ठिकाणी घडून गेलेल्या इतिहासात आहे.

साल १९७६. त्या वेळी आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जात असे. रायगड हे नाव १९८१ मध्ये आले. महाडजवळ, काळ नदीच्या परिसरात असलेल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. हे कोकणातले नव्हेत. मराठवाड्यातील भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावी शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला, आणि नागपूरच्या सरकारी महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. ('बॅरिस्टरचं कार्टं' हे त्यांचे आत्मचरित्र मिळाल्यास विद्यार्थ्यांनी जरूर वाचावे.) आरोग्य केंद्रात त्यांच्यापुढे विंचूदंशाचे रुग्ण येऊ लागले, आणि त्यांतील कित्येक, विशेषतः लहान मुले, डोळ्यांदेखत दगावू लागली.

आता पाहा, डॉक्टरांच्या पुस्तकांत ह्यावर काय होते? फारच थोडे. ह्याचे कारण समजण्यासारखे आहे. ग्रंथ लिहिले जातात मोठ्या शहरांतील मोठ्या इस्पितळांत, आणि डोंगरातल्या वाडीवरून जो रुग्ण बिरवाडीलाच अर्धमेला होऊन पोहोचतो, तो मुंबईला केव्हा पोहोचणार? ज्याला विंचू चावून मरण येई त्याचे मरण गावातच होई आणि गावातच पुरले किंवा जाळले जाई. त्याची नोंद कोणत्याही पुस्तकात जात नसे. उपचार म्हणून त्या काळी जी औषधे दिली जात, त्यांतील अ‍ॅट्रॉपीनसारखी काही तर पुढे अपायकारकच ठरली.

गावात दुसरा उपाय होता तो भगताचा. विंचू उतरवणारा माणूस नसेल असे गाव तेव्हा क्वचित सापडले असते, आणि ह्या बाबतीत हिंदू-मुसलमान असा भेद कोणी पाळत नसे. मंत्र वेगळा, विश्वास एकच. ह्या माणसांना नुसते हसण्यात अर्थ नाही. त्यांचा बोलबाला का झाला ते पाहिले पाहिजे. विंचू चावलेल्यांपैकी पुष्कळांना फक्त भयंकर वेदना होतात आणि एका दिवसात त्या ओसरतात. अशा माणसावर मंत्र टाकला तरी तो बरा होतो, न टाकला तरी बरा होतो. वेदना मोठी म्हणजे धोका मोठा, असे ह्या दंशात मुळीच नसते. ज्याच्या अंगात विष खरोखर भिनले आहे तो कित्येकदा फारसा ओरडतही नाही, त्याला घाम सुटतो, उलटी होते, हातपाय गार पडतात, आणि घरचे म्हणतात, "दुखणे कमी झाले, आता झोपू द्या." भगताकडे गेलेला वेळ नेमका ह्याच रुग्णाच्या मुळावर येई.

हा फरक डॉक्टरांना कळला तो कसा? बिरवाडीच्या केंद्रात मोठी यंत्रे नव्हती. रुग्णाच्या उशाशी बसून पाहणे, हात लावून पाहणे, मोजणे आणि लिहून ठेवणे, हाच मार्ग होता. घाम केव्हा सुटला, उलटी किती वेळा झाली, नाडीचे ठोके आधी मंद होते की जलद, रक्तदाब किती, हातपाय गार कोठपर्यंत, श्वास किती वेगाने, खोकला केव्हा लागला, तोंडाला फेस केव्हा आला, हे सारे रुग्णागणिक आणि तासागणिक टिपून ठेवले म्हणजे त्यातून एक क्रम दिसू लागतो. तो क्रम असा. प्रथम उलटी, लाळ, सर्वांगाला दरदरून घाम. मग हातपाय बर्फासारखे गार, नाडी जलद, रक्तदाब वाढलेला. आणि मग काही तासांत हृदय थकते, फुफ्फुसात पाणी भरते, तांबूस फेस येतो. मरण येते ते ह्या शेवटच्या टप्प्यात. परंतु पहिल्या टप्प्यावरच पुढचा टप्पा ओळखता येतो. बाहेरून दिसणाऱ्या लक्षणांवरून हृदयावर येणारे संकट आधी ओळखावे, असे सांगणारा त्यांचा लेख १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात छापून आला. हे नियतकालिक १८२३ पासून चालू आहे, आणि त्यात लेख यावा म्हणून मोठमोठ्या विद्यापीठांतील प्राध्यापक वर्षानुवर्षे खटपट करीत असतात. तालुक्यातील आरोग्य केंद्रात जमवलेल्या नोंदींना तेथे जागा मिळाली, ही गोष्ट आपण महाडकरांनी जितकी अभिमानाने सांगावयास हवी तितकी सांगत नाही, असे मला वाटते.

असे का होते, तेही थोडक्यात पाहू. विंचवाचे विष शरीरातील मज्जातंतूंना जणू चाबूक मारते. त्यामुळे रक्तात उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय दमून जाते. विहिरीवरच्या पंपाच्या पाइपावर कोणी पाय देऊन उभे राहावे, तसाच प्रकार. पंप दुरुस्त करून उपयोग नाही, पाय काढला पाहिजे. म्हणजे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध हवे.

पुण्यास एम. डी. चे शिक्षण घेऊन डॉ. बावस्कर पुन्हा ह्याच भागात, पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात आले. शहरात दवाखाना थाटण्याची वाट मोकळी असताना कशेडी आणि आंबेनळी ह्या दोन घाटांच्या पायथ्याशी येऊन राहणे, ही साधी गोष्ट नव्हे. फुफ्फुसात पाणी भरलेल्या रुग्णांसाठी त्यांनी प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड ह्या औषधाचे सलाईन वापरले. औषध प्रभावी, पण वापरण्यास अवघड. त्याला उजेड चालत नाही, म्हणून बाटली आणि नळी झाकून ठेवावी लागते. आणि रक्तदाब इतका झपाट्याने उतरतो की थेंबांचा वेग आणि रुग्णाचा दंड ह्यांवरची नजर क्षणभरही हलवून चालत नाही. त्यानंतर त्यांचे लक्ष प्राझोसिन नावाच्या गोळीकडे गेले. ही गोळी नवी नव्हती. रक्तदाबाच्या विकारासाठी ती बाजारात मिळत होती. महागही नव्हती. ती तोंडाने देता येत होती आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करीत होती. ह्या गोळीचा अनुभव सांगणारे त्यांचे लिखाण १९८६ मध्ये पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच आले. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर ह्यांचे नाव त्यांच्या अनेक लेखांवर सहलेखिका म्हणून आहे. पूर्वी गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी शेकडा ३० ते ४० दगावत असत. ह्या उपचारानंतर हे प्रमाण शेकडा एकच्या आसपास आले. वाचकहो, आकडा वाचून पुढे जाऊ नका. चाळीस घरांतील रडणे एका घरावर आले, असा त्याचा अर्थ आहे.

काम तेथेच थांबले नाही. प्रतिविषाची लस आणि गोळी दोन्ही दिल्याने रुग्ण अधिक लवकर बरा होतो का, हे महाडच्या त्यांच्या रुग्णालयात ७० रुग्णांवर तपासून पाहिले गेले. निम्म्यांना नुसती गोळी, निम्म्यांना गोळी व प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ८, दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२. हा अभ्यास २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. २०२२ मध्ये डॉ. बावस्कर ह्यांना पद्मश्री मिळाली.

आता मूळ शंकेकडे येतो. ह्या सर्वांत नर्स कोठे आहे? छापलेल्या लेखांवर तिचे नाव नाही, हे खरे. पण उपचाराची पद्धत नीट वाचली म्हणजे ती ओळीओळीत दिसते. गोळी दिल्यावर पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने नाडी, रक्तदाब आणि श्वास मोजावयाचे. पुढचे सहा तास दर तासाला. त्यानंतर बरे वाटेपर्यंत दर चार तासांनी. गोळी दर तीन तासांनी पुन्हा द्यावयाची, पण हातपाय गरम झाले की थांबवावयाची. घाम आणि उलटीतून गेलेले पाणी तोंडाने भरून काढावयाचे. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. ह्या गोळीच्या पहिल्या मात्रेनंतर रुग्ण एकदम उठून बसला तर रक्तदाब घसरून तो कोसळतो. म्हणून त्याला आडवेच ठेवावयाचे. मूल लहान असेल तर काय होते, ते कोणत्याही आईला विचारा. मूल रडले की आई त्याला उचलून खांद्याशी धरते. नेमके तेच तेथे करावयाचे नसते. रात्री दोन वाजता, भेदरलेल्या आईला, तिच्या भाषेत, तिचा अपमान न करता, "बाई, त्याला उचलू नका, तसाच निजवून थोपटा," असे सांगणारी आणि ती ऐकेल असे सांगणारी व्यक्ती कोण? पाच मिनिटांत पाहून जाणारा डॉक्टर नव्हे. औषध जितके रुग्णाला वाचवते, तितकीच ही देखरेख वाचवते. औषध शोधून काढणे हे संशोधन, तर मग आईने मुलाला उचलू नये म्हणून तिला कसे सांगितले असता ती ऐकते, हा शोध संशोधन का नव्हे?

(येथे एक सूचना करणे भाग आहे. वरील माहिती ज्ञानासाठी आहे. विंचू चावल्यास घरी गोळ्या देत बसू नये. रुग्णाला ताबडतोब जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे, आणि घाम, उलटी, गार हातपाय ही चिन्हे दिसल्यास एक मिनिटही दवडू नये.)

मोजणे आणि लिहिणे हा परिचारिकेच्या कामाचा गाभा आहे, ही कल्पना नवी नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की आपल्याला हातात दिवा घेतलेली बाई आठवते. शाळेतील धड्यांनी तिचे एवढेच चित्र आपल्या मनात ठेवले, हे तिच्यावर थोडे अन्यायाचे झाले. क्रिमियाच्या लढाईत स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात १८५५ च्या फेब्रुवारीत शंभरातले चाळीसहून अधिक रुग्ण मरत होते. जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा दोन-तीनवर आले. ह्याचे सारे श्रेय तिचे एकटीचे नव्हे. मार्चमध्ये इंग्लंडहून आलेल्या पथकाने इस्पितळाखालची तुंबलेली गटारे उपसली, त्याचा त्यात मोठा वाटा होता. पण सैनिक गोळ्यांनी कमी आणि घाणीने अधिक मेले, हे आकडे मांडून, रंगीत आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवले ते तिने. तिचा खरा दिवा हा तक्ता होता. ती हिंदुस्थानात कधी आली नाही, तरी येथील छावण्यांतून प्रश्नपत्रिका भरून मागवून तिने १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालासाठी माहिती जुळवली, आणि येथील गोऱ्या फौजेत दर हजारी ६९ माणसे दरवर्षी मरतात हे उजेडात आणले. पुढे खेड्यांच्या आरोग्याविषयी तिने पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहारही केला. लंडनमध्ये आजारपणाने खिळलेली बाई महाराष्ट्रातील खेड्यांच्या पाण्याची आणि उकिरड्यांची चौकशी करीत होती!

आपल्याकडे ह्या पेशाची सुरुवात कशी झाली? मुंबईस १८८६ मध्ये कामा इस्पितळ निघाले, आणि तेथे स्त्री-डॉक्टरांच्या देखरेखीखाली परिचारिका तयार होऊ लागल्या. १८९१ मध्ये काशीबाई गणपत ही पहिली भारतीय स्त्री जे. जे. इस्पितळात शिक्षणासाठी आली, असे नर्सिंगच्या पुस्तकांत नमूद असते. पुण्यात रमाबाई रानडे ह्यांनी १९०९ मध्ये सेवासदनाचे काम सुरू केले आणि पुढे दोनच वर्षांत ससून इस्पितळात आपल्या स्त्रियांना नर्सिंग शिकण्यास धाडले. त्या वेळी कोण जाण्यास तयार होते? परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावा लागणार, रात्री घराबाहेर राहावे लागणार, जातीबाहेरच्याचे मलमूत्र काढावे लागणार, म्हणून चांगल्या घरच्या म्हणवणाऱ्यांनी नाके मुरडली. पुढे आल्या त्यांत ज्यांना दुसरा आधार नव्हता अशा विधवाच बऱ्याच होत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण आज आपल्या समाजात मुलीला नर्सिंगला पाठवण्याविरुद्ध जी कारणे दिली जातात, ती शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या ब्राह्मण आळीत शब्दशः दिली गेली होती. ती कोणा एका धर्माची कारणे नाहीत.

आपल्या धर्माच्या इतिहासात तर ह्याचा आधार फार जुना आहे. मदिनेतील मशिदीजवळ हजरत रुफैदा अल्-अस्लमिया (रजि.) ह्यांचा तंबू असे, आणि तेथे त्या जखमींची शुश्रूषा करीत. हिजरी ५ मधील खंदकाच्या लढाईत जखमी झालेले हजरत साद बिन मुआज (रजि.) ह्यांना त्याच तंबूत ठेवले गेले. आज बहरीनमधील वैद्यकीय विद्यापीठात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या नावाचे पारितोषिक आहे. आपल्या भागातील कित्येक घरांतील पुरुष आखाती देशांत नोकरीस आहेत. तेथील इस्पितळांत केरळच्या मुली काम करताना आणि मानाने राहताना त्यांनी पाहिल्या आहेत. सुट्टीवर आल्यावर हे त्यांनी घरी सांगावे.

स्वातंत्र्याच्या सुमारास परिस्थिती पालटली. १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगची पदवी सुरू झाली. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली. मुंबईत १९६४ मध्ये एस. एन. डी. टी. विद्यापीठाचे नर्सिंग महाविद्यालय निघाले. पदवीच्या अभ्यासक्रमात संशोधन व संख्याशास्त्र हा विषय आला, आणि विद्यार्थ्यांनी गटागटाने एक प्रकल्प पुरा करावा असा नियम झाला.

ह्या प्रकल्पांविषयी दोन शब्द स्पष्ट लिहिले पाहिजेत. त्यांतील पुष्कळसे एकाच साच्याचे असतात. अमुक विषयावर मातांचे ज्ञान किती, ह्याची एक प्रश्नावली. मग तासाभराचे व्याख्यान. आठवड्याने पुन्हा तीच प्रश्नावली. आणि ज्ञान वाढले असा निष्कर्ष. शिकवल्यावर ज्ञान वाढणारच! पुढे त्या माता तसे वागल्या का, मुलांची हगवण थांबली का, हे क्वचितच पाहिले जाते. बांधणी करून ग्रंथालयात ठेवलेल्या अशा प्रकल्पांनी विद्यार्थिनीला गुण मिळतात, रुग्णाला काही मिळत नाही. दोष मुलींचा नाही. त्यांच्यापुढे दुसरा नमुना ठेवला जात नाही. बिरवाडीचा नमुना आपल्या दाराशी असताना तो ठेवला जावा, एवढेच म्हणणे आहे. तेथे सुरुवात प्रश्नावलीने झाली नाही. सुरुवात झाली ती, 'हे मूल का मेले?' ह्या प्रश्नाने.

कोणी म्हणेल, ते एम. डी. झालेले डॉक्टर होते, आमच्या मुलींना हे कसे जमावे? त्यांच्यासाठी विदर्भातील एक दाखला देतो. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांनी ३९ गावांतील जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घेण्यास शिकवले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुदोष ओळखणे, आणि प्रत्येक गोष्ट लिहून ठेवणे. शेजारच्या, ही सोय नसलेल्या गावांशी तुलना केली तेव्हा ह्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू शेकडा ६२ ने कमी झालेले आढळले. हा अभ्यासही 'लॅन्सेट'मध्ये, १९९९ साली, छापला गेला. त्यातील नोंदी करणारा हात गावातल्या बाईचा होता. तीन-चार वर्षे शरीरशास्त्र आणि औषधशास्त्र शिकलेल्या मुलीला हे जमू नये असे काहीच नाही.

आणि आपल्याकडे प्रश्नांचा काय तोटा? मण्यार जातीचा साप रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो, दंशाची खूण दिसत नाही, आणि सकाळी पापण्या जड झालेला रुग्ण घेऊन लोक येतात. अशा रुग्णाला श्वास देण्याची पिशवी हाताने दाबत तासन् तास जगवावे लागते. ती पिशवी कोण किती वेळ दाबते, हात दमल्यावर काय होते? २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर बुडाले आणि तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले. त्या आठवड्यात इन्सुलिनवर असलेल्या रुग्णांनी औषध कोठे ठेवले, दिवस भरलेल्या बाया कोठे बाळंत झाल्या, चिखलात काम केलेल्यांच्या पायांच्या जखमा किती दिवसांत भरल्या? ज्या घरातील कर्ता पुरुष कुवेतला आहे, त्या घरातील बाईला रात्री लेकरू घेऊन दवाखान्यात जाण्यास सोबत कोण मिळते, आणि सोबत मिळेपर्यंत किती वेळ जातो? हा शेवटचा प्रश्न पुरुष संशोधकाला त्या घराच्या ओट्यावरून विचारता येईल. ह्याच भागातील मुलीला तो चुलीपाशी बसून विचारता येईल, आणि उत्तरही खरे मिळेल.

ज्या विद्यार्थिनींना ह्या वाटेने जावयाचे आहे, त्यांनी व त्यांच्या पालकांनी दहावीनंतरच विचार करावा. बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. गणित नसले तरी चालते. जी. एन. एम. हा पदविका अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. महाविद्यालय निवडताना भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद ह्यांची मान्यता आहे की नाही, हे स्वतः पाहून घ्यावे, एजंटाच्या शब्दावर विसंबू नये. आणि पुढे प्रकल्पाची वेळ आली म्हणजे विषय गावाकडचा घ्यावा. त्याला रुग्णालयाची लेखी परवानगी लागेल, महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची मान्यता लागेल, ज्या रुग्णाची माहिती घ्यावयाची त्याची संमती लागेल आणि त्याचे नाव कागदावर येणार नाही ह्याची काळजी घ्यावी लागेल. एवढे झाले की एक जाड वही आणि सेकंद काटा असलेले घड्याळ पुरते. विंचवांचा उन्हाळी हंगाम एप्रिल-मेमध्ये असतो, तेव्हा परवानगीचे अर्ज फेब्रुवारीतच गेलेले बरे.